एक्सटेंडेड वॉरंटी असून क्लेम नाकारला, मग मिळाला

मे महिन्यात पुण्यातल्या चांदणी चौकाच्या चढावर गाडीच्या एसीने मान टाकली. कॉम्प्रेसर गेला होता, खर्चाचा अंदाज ३४ हजार. एक्सटेंडेड वॉरंटी (मूळ मुदत संपल्यानंतरची वाढीव वॉरंटी) चालू होती म्हणून मी निर्धास्त. तर वर्कशॉपमधला ॲडव्हायझर म्हणाला, "सर, तुमची एक सर्व्हिस उशिरा झालीये. क्लेम बसणार नाही."

आधी भांडलो (पुणेकर आहे, ते ओघानं आलंच). उपयोग शून्य. घरी येऊन वॉरंटीची पुस्तिका पहिल्यांदाच उघडली. सर्व्हिस ३० दिवस किंवा १,००० किलोमीटर इकडेतिकडे झाली तरी चालते, असं त्यात छापलेलं! माझा उशीर १२ दिवसांचा.

मग तोंडी बोलणं बंद. क्लेम कोणत्या कलमाखाली नाकारला ते ईमेलवर लेखी मागितलं, सोबत सर्व्हिसची सगळी बिलं आणि त्या पानाचा फोटो. काउंटरवर फाडफाड बोलणारी माणसं लेखी द्यायची वेळ आली की गप्प होतात. चार दिवस उत्तर नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करून तक्रार नोंदवली, पैसे लागत नाहीत. तक्रार क्रमांक त्याच ईमेलला जोडला आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगात जाईन, असंही कळवलं. वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे तक्रारीला फी नाही.

आठवड्याभरात त्यांचाच फोन. कॉम्प्रेसर वॉरंटीत बदलून मिळाला. एसीच्या गॅसचे २,१०० मात्र मीच भरले. ते पुस्तिकेत खरंच वगळलेलं होतं.