मुलांना दुर्बिणीत पक्षी सापडत नाही?

हिवाळ्यात पाणथळीवर समोर बदकांचा थवा असतो, पण मुलांच्या हाती दुर्बीण दिली की त्यांना नुसतं पाणी दिसतं आणि ती कंटाळतात. असं करा:

१. पक्षी आधी नुसत्या डोळ्यांनी शोधायचा.
२. त्याच्यावरची नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांना लावायची. मध्येच खाली बघितलं की पक्षी हरवलाच! सगळी खुबी इथेच आहे.
३. दोन वर्तुळांचं एक दिसेपर्यंत दोन्ही नळ्या जवळ आणून द्या. चष्मा असेल तर डोळ्यांजवळची रबरी कडा दुमडा.

सुरुवात तरंगणाऱ्या बदकापासून करा, उडणारे पक्षी नंतर. ८ पटींची दुर्बीण पुरते. १० पटींच्या दुर्बिणीत लहान हातांची थरथर फार जाणवते.

हिवाळ्यात सूर्य खाली असतो. दुर्बीण चुकूनही त्याच्याकडे वळू देऊ नका, डोळ्यांना कायमची इजा होऊ शकते. ऊन पाठीवर घेऊनच उभे राहा.