मुंबईत अमेरिकी चांदीचे डॉलर जमवताना

सुरुवात मॉर्गन डॉलरपासून करावी. हे नाणे १८७८ ते १९०४ या काळात आणि पुन्हा १९२१ साली पाडले गेले, वजन २६.७३ ग्रॅम, व्यास ३८.१ मिलिमीटर, चांदी ९० टक्के. १९२१ सालची नाणी विपुल असल्याने नवख्याला तीच बरी. मात्र टांकसाळीतून किती नाणी निघाली एवढ्यावरून दुर्मिळता ठरवू नये, कारण १९१८ च्या पिटमन कायद्यानुसार अमेरिकेने २७ कोटींहून अधिक डॉलर वितळवून बहुतेक चांदी हिंदुस्थानातील रुपयांसाठी ब्रिटिशांना विकली आणि कोणत्या सालची किती नाणी मुशीत गेली याची नोंदच ठेवली नाही. आपल्या घरातल्या १९१९ च्या कलदार रुपयात एखादा मॉर्गन मिसळलेला असणे अगदी शक्य आहे.

चोर बाजारात स्वस्तात मिळणारा डॉलर, विशेषतः आशियाशी व्यापारासाठी पाडलेला २७.२२ ग्रॅमचा ट्रेड डॉलर, खोटाच धरून चालावे. चुंबक फक्त लोखंड पकडतो, म्हणून वजनानंतर पाण्याची परीक्षा घ्यावी. पाण्याचा पेला सोनाराच्या काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणावा आणि दोऱ्याला बांधलेले नाणे तळाला किंवा कडेला न टेकवता पूर्ण बुडवावे. अस्सल मॉर्गन असेल तर काटा सुमारे २.६ ग्रॅम दाखवतो. तेवढ्याच वजनाचे पितळेचे नाणे अधिक पाणी सारते, त्यामुळे आकडा तीनच्या आसपास जातो.

मॉर्गन कोणत्या टांकसाळीत पाडला हे सांगणारे अक्षर मागील बाजूस, माळेच्या गाठीखाली असते. १८९३ सालच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या नाण्यांची संख्या जेमतेम एक लाख होती, म्हणून साध्या नाण्यावर ‘एस’ चिकटवण्याचे उद्योग होतात. अक्षराभोवतीची जागा भिंगातून पाहावी.

नाणे रांगोळीने किंवा टूथपेस्टने मुळीच घासू नये, कारण काळपट झाक किंमत घटवत नाही, घासल्याचे ओरखडे घटवतात. मऊ पीव्हीसीची पाकिटे टाळावीत, आणि पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल ठेवून ते वेळोवेळी बदलावे.

महागडे नाणे घ्यायचेच असेल, तर पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी तपासणाऱ्या अमेरिकी संस्थांनी प्रतवारी करून डबीत बंद केलेलेच घ्यावे आणि डबीवरचा क्रमांक त्या संस्थेच्या संकेतस्थळावर पडताळावा. सुटे नाणे घेऊन नंतर अमेरिकेला प्रतवारीसाठी धाडू, असा बेत आखू नये, कारण शंभर वर्षांहून जुने नाणे भारताबाहेर पाठवण्यास १९७२ चा पुरावस्तू कायदा खासगी व्यक्तीला मनाई करतो.