पल्मनरी हायपरटेन्शनवर काम करायचंय? बँडिंग शिकण्याआधी एवढं वाचा

एम.फार्म. किंवा एम.एस्सी. करून पुण्यात पीएच.डी.ची चौकशी करायला येणारी मुलं हमखास विचारतात, "बँडिंगला हात बसायला किती वेळ लागतो?" हात बसतो हो. (बँडिंग म्हणजे रॅटच्या फुफ्फुसाच्या धमनीभोवती दोरा बांधून ती अरुंद करायची.) मुळात बँडिंग लागणार आहे का, हे कुणी विचारत नाही.

फुफ्फुसाच्या धमनीतला सरासरी दाब २० मिमी पाऱ्याच्या वर गेला की पल्मनरी हायपरटेन्शन. पूर्वी ही रेघ २५ वर होती. प्रयोगात तो आणायची स्वस्त वाट मोनोक्रोटॅलिनची: रॅटला त्वचेखाली किलोमागे ६० मिलिग्रॅम, एकदाच. तीन-चार आठवड्यांत दाब चढतो. हे विष आपल्या माळरानावरच्या खुळखुळ्याच्या कुळातल्या झाडांतून मिळतं. पण ते यकृतावर आणि हृदयाच्या स्नायूवरही उठतं. मग हृदय थकलं ते दाबानं की विषानं? सुजेन हे रसायन आणि १० टक्केच ऑक्सिजन असलेली हवा, हा जोड माणसातल्या आजाराच्या जास्त जवळ जातो. वेळ मात्र खातो.

बँडिंगमध्ये फुफ्फुसं निरोगीच राहतात, भार फक्त उजव्या जवनिकेवर (हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्यावर) येतो. म्हणून याला पल्मनरी हायपरटेन्शनचं मॉडेल म्हणू नका, व्हायव्हात पकडतील. पण औषध थेट हृदयाला बळ देतंय की फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्या सैलावून हृदयाचं ओझं कमी करतंय, हे वेगळं काढायला यासारखं साधन नाही.

रॅट व्हेंटिलेटरवर, डाव्या बरगड्यांमधून छाती उघडलेली. धमनी महाधमनीला खेटून असते. वाकड्या चिमट्यानं दोघींना अलग करायचं, रेशमी दोरा ओवायचा, फुफ्फुसाच्या धमनीशेजारी १८ गेजची सुई ठेवून धमनी आणि सुई यांवर मिळून गाठ मारायची आणि सुई लगेच ओढून घ्यायची. तेवढ्यात उजवी जवनिका फुगते, काळवंडते. नुसता गेज सांगून भागत नाही, रॅटचं वजन सांगा. लहान रॅटमध्ये बँड आधी सैल असतो आणि जनावर वाढेल तसा आवळत जातो. पूर्ण वाढलेल्यात भार एकदम पडतो.

हृदय सावरतं का, हे पाहायचं तर बँड काढावा लागतो. खरी परीक्षा इथे. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर आतले पापुद्रे चिकटलेले असतात आणि धमनी फाटायला क्षण पुरतो. शॅम गटाचीही (बँड न घालता नुसती शस्त्रक्रिया केलेली जनावरं) छाती दोनदा उघडायची, नाहीतर तुलना लंगडी. भार उतरल्यावर स्नायूची जाडी कमी होते, फायब्रोसिस (स्नायूत साठलेले कडक तंतू) मात्र चिवट असतो. माझ्या मते या विषयातले चांगले प्रश्न याच फरकात आहेत.

प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय समितीची, म्हणजे सीसीएसईएची (जुन्या लोकांच्या तोंडी अजून सीपीसीएसईए) चौकट सगळीकडे सारखी. फॉर्म बी भरून संस्थेच्या आयएईसीची (प्राणी-प्रयोग नैतिकता समितीची) मंजुरी मिळेपर्यंत जनावराला हात लावायचा नाही. जनावरांचा आकडा का, हे तिथे विचारतातच. शस्त्रक्रियेतले मृत्यू त्यात आधीच धरा. केटामीनचा हिशेब रोजच्या रोज लिहा. पुण्यात मे महिन्यात वळवाच्या पावसाला वीज जाते, तेव्हा व्हेंटिलेटर यूपीएसवर हवा; डिसेंबरात हीटिंग पॅड. वेदनाशामक वेळेवर द्यायचं, रोज वजन करायचं, रविवारीही.

एनसीसीएस असो, आयसर असो की एखादं फार्मसी कॉलेज, गाइडला भेटाल तेव्हा विचारा: छोट्या प्राण्यांचं इको इथेच होतं का, आणि उजव्या हृदयाचं कॅथेटर घालायला कोण शिकवणार? बँड नीट बसला का, ते आठवड्याभरात इकोवरच कळतं.