गॅस्ट्रिक बँडनंतर वजन किती उतरेल आणि किती काळात

गॅस्ट्रिक बँड, म्हणजे जठराच्या वरच्या भागाभोवती बसवलेला आणि सलाईनने घट्ट-सैल करता येणारा पट्टा, बसवून घेण्याआधी ‘पन्नास टक्के वजन जाईल’ हे वाक्य कानावर पडतंच. हे पन्नास टक्के एकूण वजनाचे नसून जास्तीच्या वजनाचे असतात. हा फरक नीट न कळल्यामुळे चांगली प्रगती होत असतानाही अनेकजण निराश होतात, म्हणून आधी स्वतःचा हिशोब कागदावर मांडा.

उंची मीटरमध्ये घ्या, तिचा वर्ग करा आणि त्याला 25 ने गुणा. येईल ते तुमचं योग्य वजन, त्याच्या वरचं सगळं जास्तीचं. उंची 160 सेंटीमीटर असेल तर 1.6 चा वर्ग 2.56, आणि 25 ने गुणल्यावर 64 किलो. शस्त्रक्रियेच्या वेळी वजन 110 किलो असेल तर जास्तीचं वजन 46 किलो. त्याचे पन्नास टक्के म्हणजे 23 किलो. म्हणजे काटा 87 वर येईल, 64 वर नाही. 87 किलोला बीएमआय (वजनाला उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) 34 भरतो. वैद्यकीय भाषेत तो अजूनही लठ्ठपणाच, पण 23 किलो उतरल्यावर रक्तदाब, मधुमेह, गुडघे आणि झोप यांत खरा फरक पडू शकतो. मधुमेह किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर वजन उतरेल तशी मात्रा डॉक्टरांकडून तपासून घ्या, नाहीतर साखर किंवा दाब फार खाली जाऊ शकतो.

आता दीर्घ मुदतीचे आकडे. स्वीडनमधल्या मोठ्या अभ्यासात बँडवाल्यांचं वजन दहा वर्षांनी मूळ वजनापेक्षा सरासरी 14 टक्के कमी होतं. ऑस्ट्रेलियातल्या एका केंद्राने 2013 मध्ये पंधरा वर्षांपर्यंतची माहिती मांडली, तिथे जास्तीच्या वजनातलं सरासरी 47 टक्के गेलेलं टिकून होतं. वरच्या उदाहरणात पहिला आकडा सुमारे 15 किलो होतो आणि दुसरा सुमारे 22 किलो. स्वतःची अपेक्षा या दोहोंच्या आसपास ठेवा. मात्र त्याच ऑस्ट्रेलियन रुग्णांत साधारण चारातल्या एकाला बँडच्या वरचा जठराचा भाग फुगल्यामुळे, आणि पाचातल्या एकाला पोर्ट (सलाईन भरण्यासाठी त्वचेखाली बसवलेली डबी) किंवा तो बँडला जोडणाऱ्या नळीच्या बिघाडामुळे पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. पुन्हा ऑपरेशन होण्याची शक्यता बँड घेतानाच धरून चाला.

वेग मंद असतो. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत वजन झपाट्याने उतरतं ते पातळ आहारामुळे. बँडचं काम तेव्हा सुरूही झालेलं नसतं. नंतर मऊ आणि मग घन आहार सुरू झाला की भूक परत येते, काटा थांबतो, कधी किलो-दोन किलो वरही जातो. बँड फसला असं याच काळात वाटतं. प्रत्यक्षात तो अजून रिकामा किंवा जवळपास रिकामा असतो. पहिलं फिलिंग साधारण चार ते सहा आठवड्यांनी होतं: त्वचेखालच्या पोर्टमध्ये खास सुईने सलाईन भरतात आणि बँड आतून फुगतो. नंतर दर वेळी अर्धा-एक मिलीलिटर असं थोडं थोडं वाढवत नेतात. बहुतेकांना योग्य पातळी गाठायला अशा अनेक खेपा लागतात. ती गाठल्यावर आठवड्याला अर्धा ते एक किलो हा चांगला वेग. उतार दोन ते तीन वर्षं चालतो आणि मग वजन स्थिरावतं. बायपास (अन्नाचा मार्ग आतड्याकडे वळवणारी) किंवा स्लीव्ह (जठराचा मोठा भाग काढणारी) शस्त्रक्रिया झालेल्या ओळखीच्या माणसाशी पहिल्या वर्षात तुलना करू नका, त्यांचं वजन सुरुवातीला कितीतरी भराभर जातं.

बँड योग्य पातळीवर आहे हे कशावरून ओळखायचं? बँडच्या वरची पिशवी भरते म्हणून पोट भरतं, असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. प्रत्यक्षात नीट चावलेला घास त्या पिशवीत बसून राहत नाही. अन्ननलिका काही वेळा आकुंचन पावून तो बँडमधून पुढे ढकलते. त्याला मिनिटभर लागू शकतं, आणि तेवढ्या वेळात जठराच्या वरच्या टोकावर पडणारा दाब भूक शमवतो. म्हणून खूण घास अडकण्यात शोधू नका, भुकेत शोधा. लहान जेवणानंतर तीन-चार तास भूक लागत नसेल आणि घन अन्न सहज उतरत असेल तर पातळी बरोबर आहे. दोन तासांत भूक लागत असेल आणि घास मोठे होत असतील तर थोडं भरायला हवं. घास वारंवार अडकत असेल, फेसाळ लाळ वर येत असेल, रात्री आडवं झाल्यावर खोकला किंवा आंबट पाणी येत असेल, तर बँड जास्त घट्ट आहे आणि थोडं सलाईन काढायला हवं.

वजन थांबलं की ‘अजून थोडं भरा’ अशी मागणी होते. आमच्या मते सर्वांत नुकसान याच मागणीने होतं. बँड फार घट्ट झाला की ताजी फळं, भाज्या, मांस, ब्रेड उतरत नाहीत. आइस्क्रीम, चॉकलेट, बिस्किटं, गोड पेयं मात्र बिनबोभाट उतरतात. माणूस नकळत त्यांच्याकडे वळतो आणि बँड घट्ट असतानाच वजन वाढू लागतं. अशा वेळी उपाय बँड सैल करण्यात असतो, हे अनेकांना पटायला जड जातं.

जेवण असं करा. छोटी ताटली, छोटा चमचा. एका वेळी सुमारे एक वाटी घन अन्न, त्यात प्रथिनं आधी. घास करंगळीच्या नखाएवढा. पार लगदा होईपर्यंत चावा, गिळा, चमचा खाली ठेवा आणि मिनिटभर थांबा. वीस-पंचवीस मिनिटांत जेवण संपवा, ताटात उरलं तरी उठा. भूक गेली की थांबायचं. छातीत भरल्यासारखं वाटेपर्यंत वाट पाहिली तर उशीर झालेला असतो. जेवताना पाणी पिऊ नका, जेवणानंतर अर्धा तास थांबा. दिवसाला 60 ते 80 ग्रॅम प्रथिनं हे सर्वसाधारण लक्ष्य. मूत्रपिंडाचा विकार असेल तर आकडा डॉक्टरांना विचारा. मल्टिव्हिटॅमिन कायम घ्या. उलट्या काही दिवस चालू राहिल्या तर थायमिन (जीवनसत्त्व बी-1) कमी पडून मज्जातंतूंना इजा होऊ शकते, म्हणून तिथे वाट पाहू नका.

वजन आठवड्यातून एकदाच करा, त्याच वारी, सकाळी. कंबरेचं माप महिन्यातून एकदा घ्या. तीन-चार आठवडे काटा हलला नाही तर आठवडाभर खाण्यापिण्याची काटेकोर नोंद ठेवा, पेयांसकट. ती वही घेऊनच फिलिंगला जा, भरायचं की नाही हे तिच्यावरूनच ठरतं.

काही बदल मात्र लगेच दाखवायचे. भूक अचानक पूर्वीसारखी झाली तर पोर्ट किंवा नळी गळत असू शकते. भरलेल्यापेक्षा कमी सलाईन परत निघालं की संशय बळावतो. महिन्यां-वर्षांनी पोर्टची जागा लाल झाली, पू आला, तर बँड जठराच्या भिंतीतून आत गेला आहे का ते दुर्बिणीने पाहावं लागतं. पाणीही उतरत नसेल किंवा पोटात सतत तीव्र दुखत असेल, तर बँड सरकलेला असू शकतो. तेव्हा थेट आपत्कालीन विभाग गाठा. बँड तातडीने रिकामा करावा लागतो.

पहिल्या वर्षी दर चार ते सहा आठवड्यांनी तपासणी, पुढे वर्षातून किमान एकदा, सगळं सुरळीत असलं तरी. गरोदरपणात उलट्या होत असतील किंवा बाळाची वाढ कमी पडत असेल तर बँड सैल करतात, आणि त्या काळात वजन उतरवणं हे उद्दिष्ट नसतंच. बँड काढून टाकला आणि त्याजागी काहीच केलं नाही, तर बहुतेकांचं वजन परत चढतं. म्हणून काढण्याआधीच स्लीव्ह किंवा बायपासचा पर्याय सर्जनशी बोलून ठेवा. बँडची कंपनी, त्याची क्षमता, सध्या आत किती मिलीलिटर आहे आणि शेवटचं फिलिंग कधी झालं, हे एका कार्डावर लिहून पाकिटात ठेवा. अनोळखी डॉक्टरला मध्यरात्री सर्वांत आधी तेच लागेल.