स्ट्रेट-पुल रायफल लॉक कशी होते? समजून घ्यायची सोपी पद्धत

एनसीसीत थ्री-नॉट-थ्री किंवा पॉइंट टू-टू रायफल हाताळली असेल तर बोल्ट (काडतुसामागे सरकून नळी मागून बंद करणारा पोलादी दांडा) कसा चालतो ते हाताला माहितीच असतं, हँडल वर, मग मागे, मग पुढे, मग खाली. स्ट्रेट-पुलमध्ये यातलं वर-खाली गायब, फक्त मागे आणि पुढे. मग पहिल्यांदा बघणाऱ्याला हमखास वाटतं की हे लॉक होतच नसणार, म्हणजे गोळी सुटताना बोल्ट जागेवर अडकून राहत नसणार, नुसतं सरकतंय.

तर असं कुठलंही डिझाइन समोर आलं की, फोटो असो, कटअवे (आतलं दिसावं म्हणून कापलेला नमुना) असो नाहीतर म्युझियममधली काच, एकच गोष्ट शोधायची: आत आडवं काय जातंय? काडतूस फुटल्यावर बोल्टच्या तोंडावर येणारा जोर टनांमध्ये असतो आणि तो सरळ मागे येतो. त्याला अडवायला कुठलातरी पोलादी तुकडा खाचेत आडवा जाऊन बसायलाच हवा. हात सरळ गेला म्हणून आतलं सगळं सरळ जातं असं नाही.

सुरुवात मानलिखरपासून करा, कारण तिथे हे सगळ्यात स्वच्छ दिसतं. ऑस्ट्रिया-हंगेरीची १८९५ ची रायफल, फर्डिनांड मानलिखरचं डिझाइन. बोल्टचे दोन भाग असतात, बाहेरची पोकळ नळी, जिला हँडल जोडलेलं, आणि आत घुसलेलं डोकं, ज्याच्या पुढच्या टोकाला दोन लग, म्हणजे खाचेत अडकणारे पोलादी दात. नळीच्या आत तिरके पिळाचे उंचवटे आणि डोक्याच्या दांड्यावर तसेच पिळाचे खाचे. जत्रेत ती पिळाची पट्टी मिळते ना, नळी वर ढकलली की पंखा गरगरत उडतो, अगदी तेच. हँडल मागे ओढलं की आधी फक्त नळी मागे येते, डोकं जागच्या जागी पाव वळसा फिरतं, लग खाचेतून सुटतात आणि मग दोघं मिळून मागे येतात. बंद करताना हेच उलट. आणि गोळी सुटताना जोर डोक्यावर येतो, डोक्यावरून लगवर, लगवरून रिसीव्हरवर (बोल्ट ज्यात सरकतो तो रायफलचा सांगाडा), हँडलवाल्या नळीपर्यंत तो पोचतच नाही, म्हणून हँडल आपोआप मागे उडत नाही. याच रायफलचा एक वैताग पण आहे, बोल्ट बाहेर काढल्यावर डोकं नळीत आत ओढलं गेलं तर तो परत रिसीव्हरमध्ये जातच नाही, आधी डोकं पुढे खेचून घ्यावं लागतं.

आता दुसरा प्रश्न विचारायचा, लग कुठे आहेत? इथे स्विस लोकांची गोष्ट मस्त आहे. १८८९ च्या श्मिट-रुबिनमध्ये हँडल बोल्टला नसून शेजारी सरकणाऱ्या एका दांड्याला असतं, त्या दांड्याचा दात बोल्टच्या बाहीतल्या (बोल्टवर चढवलेल्या नळीतल्या) तिरक्या खाचेत फिरतो आणि बाही वळते. पण लग होते बाहीच्या मागच्या टोकाला, म्हणजे गोळीचा दाब येताना लांबलचक बोल्ट दाबला जायचा. जास्त दाबाचं नवीन काडतूस आलं तेव्हा १९११ च्या मॉडेलात लग बाहीच्या पुढच्या टोकाला नेले. आणि पुढच्या के-३१ या स्विस कार्बाइनमध्ये (आखूड रायफल) ते थेट चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेच्या, मागे आले, बोल्ट आखूड झाला, त्यामुळे तेवढ्याच लांबीच्या कार्बाइनमध्ये बॅरल ६ सेंमी लांब बसली. माझ्या मते जुन्या स्ट्रेट-पुलमधलं सगळ्यात डोकेबाज काम हेच.

आणि डोकेबाजपणा अंगाशी आल्याचं उदाहरण म्हणजे कॅनडाची रॉस. सर चार्ल्स रॉसचं डिझाइन, क्विबेकचा कारखाना, काडतूस आपल्या ओळखीचं थ्री-नॉट-थ्री. पिळाचंच तत्त्व, पण तिच्या मार्क ३ या मॉडेलचा बोल्ट साफसफाईनंतर चुकीचा जोडता यायचा. तसा जोडलेला बोल्ट आत जातो, बंद होतो, गोळीही सुटते, फक्त डोकं फिरलेलं नसतं, म्हणजे लॉक शून्य आणि बोल्ट थेट नेमबाजाच्या तोंडावर. नंतर काही बोल्टमध्ये हे होऊ नये म्हणून रिव्हेट मारला गेला. तरी कुठलीही मार्क ३ हातात आली तर आधी मॅगझिन आणि चेंबर रिकामं आहे ते डोळ्यांनी बघायचं, मग हँडल पूर्ण मागे घेऊन डोकं नळीतून पुढे निघालेलं आहे का ते बघायचं, मग हळू पुढे नेत शेवटच्या टप्प्यात डोकं फिरतंय का ते वरून बघायचं. फिरत नसेल तर ती रायफल बाजूला ठेवायची, चर्चा नको.

रॉसची दुसरी अडचण सगळ्याच स्ट्रेट-पुलना थोडीफार लागू आहे. साध्या बोल्टमध्ये हँडल वर उचलताना तिरक्या कडेमुळे तरफ मिळते आणि चिकटलेली पुंगळी (काडतुसाचं रिकामं कवच) सैल होते. सरळ ओढताना ही तरफ फार कमी मिळते, सगळी ताकद दंडाची. १९१५ मध्ये, पहिल्या महायुद्धात, बेल्जियममधल्या ईप्रच्या चिखलात घट्ट चेंबर आणि कमीजास्त मापाची काडतुसं एकत्र आली, बोल्ट अडकायला लागले, सैनिक लाथा मारून उघडायचे. १९१६ पर्यंत पायदळाकडून रॉस काढून साध्या बोल्टची ब्रिटिश ली-एनफिल्ड दिली. स्नायपरनी मात्र ती सोडली नाही, नेम चांगला होता ना.

नवीन रायफलींमध्ये फिरणारं डोकंच असेल असं धरून चालू नका. जर्मनीच्या ब्लेझर आर-९३ मध्ये बोल्टच्या तोंडाशी चिरा पाडलेलं कडं असतं, हँडल पुढे गेलं की ते चारी बाजूंनी फुलतं आणि खुद्द बॅरलमधल्या गोल खाचेत बसतं. जोर बॅरलच घेते, म्हणून रिसीव्हर अॅल्युमिनियमचा चालतो. बायथलॉनवाल्यांच्या (स्कीइंग आणि नेमबाजीचा एकत्र खेळ) फोर्टनर अॅक्शनमध्ये, म्हणजे त्या नावाच्या बोल्ट-यंत्रणेत, तर लगच्या जागी पोलादी गोळ्या आहेत, बेअरिंगसारख्या, त्या बाहेर ढकलल्या गेल्या की लॉक. तर्जनीने ओढा, अंगठ्याने ढकला, झालं. या खेळात सेमी-ऑटोमॅटिक (आपोआप पुढचं काडतूस भरणारी) रायफल चालत नाही, त्यामुळे वेळ वाचवायचा तर इथेच. तिथल्या पॉइंट टू-टू काडतुसाचा दाब कमी असल्यामुळे हलकं लॉक पुरतं आणि छोटी पुंगळी सहसा चिकटतही नाही, म्हणूनच स्ट्रेट-पुल तिथे एवढं छान जमलं.