विशेष मुलांना स्वतःची कामं शिकवताना या चुका टाळा

‘रोज सांगतो, तरी करत नाही.’ विशेष मुलांच्या पालकांकडून हे वाक्य सतत ऐकू येतं. दात घासणं, कपडे घालणं, शी-शू, आंघोळ, हात धुणं. शिकवायला लागून कित्येक महिने उलटलेले असतात आणि गाडी जागची हलत नाही. मग मूल हट्टी ठरतं, आळशी ठरतं, किंवा ‘त्याला हे जमायचंच नाही’ म्हणून विषय सोडून दिला जातो. हे फार घाईचं अनुमान आहे. मूल अख्ख्या कामात क्वचितच अडकतं. ते एखाद्या पायरीवर अडकतं, नाहीतर आपण करत असलेल्या मदतीतच अडकतं. ती जागा सापडली की पुढचं बरंच सोपं होतं. म्हणून पुढचं वाचताना आपल्या घरी नेमकं कुठे अडतंय, हे मनाशी ताडून बघा.

अख्खं काम एकदम शिकवणं

‘दात घास’ हे आपल्याला एक काम वाटतं. एकदा स्वतः सावकाश दात घासा आणि प्रत्येक हालचाल कागदावर लिहून काढा. ब्रश उचलणं, ट्यूबचं झाकण फिरवणं, ती बेताने दाबणं, ब्रश तोंडात योग्य बाजूने धरणं, मागच्या दातांपर्यंत नेणं, चूळ भरणं, थुंकणं... यादी सहज पंधरा-वीस ओळींची होते. आता मुलाला ते काम करू द्या आणि प्रत्येक ओळीपुढे खूण करा: स्वतः जमतं, मदतीने जमतं, अजिबात जमत नाही. कुणाच्या बोटांत झाकण फिरवायची ताकद नसते, कुणाला थुंकता येत नाही. थुंकणं हे वेगळं शिकवायचं कौशल्य आहे. ओठ मिटून पाणी तोंडात धरता आल्याशिवाय ते येत नाही. तोवर पेस्ट किती आणि कोणती वापरायची हे दंतवैद्यांना विचारून ठरवा, पण थुंकता येत नाही म्हणून बाकीचं शिकवणं थांबवू नका.

दुसरी गोष्ट, शिकवायला नेहमी पहिल्या पायरीपासूनच सुरुवात करायची, असं काही नाही. बऱ्याच कामांत शेवटाकडून सुरुवात केलेली चांगली. पँट घालायची आहे असं धरा. मुलाला बसवून दोन्ही पाय तुम्ही घाला, उभं करून पँट मांड्यांपर्यंत तुम्ही वर घ्या आणि तिथे थांबा. मांडीपासून कमरेपर्यंत त्याला ओढू द्या. ते नीट जमलं की गुडघ्यांपासून पुढचं त्याचं, मग घोट्यांपासून. काम रोज त्याच्याच हाताने पूर्ण होतं, ‘झालं!’ म्हणायचा मान त्याचा असतो. सुरुवातीपासून शिकवताना बहुतेक मुलं मध्येच थकतात आणि शेवट आपण उरकतो. म्हणजे काम पूर्ण होण्याचं समाधान त्यांच्या वाट्याला येतच नाही.

घालण्याआधी काढायला शिकवा. मोजे काढणं हे मोजे घालण्यापेक्षा कितीतरी सोपं असतं आणि पहिलं यश तिथे लवकर मिळतं.

तोंडाने सूचनांचा भडिमार

मला सगळ्यात जास्त नडलेली दिसते ती ही चूक, आणि ती अगदी मायेपोटी होते.

बेसिनपाशी एक मुलगा उभा आहे. आई म्हणते, ‘नळ सोड.’ तो सोडतो. ‘हात ओले कर.’ करतो. ‘साबण घे.’ घेतो. हाताला फेस येतो आणि तो थांबतो. नळ समोर आहे, पाणी वाहतंय, तो मात्र मान वळवून आईच्या तोंडाकडे बघतोय. ‘आता धू,’ म्हटलं की लगेच धुतो. हात पुसायच्या आधी पुन्हा मान वळते. या मुलाला हात धुण्यातली प्रत्येक हालचाल येते. पण त्याने शिकलेल्या क्रमात प्रत्येक हालचालीआधी एक पायरी आहे: आईकडे बघायचं आणि ती काय म्हणते याची वाट पाहायची. आई घरात नसली की हात धुतले जात नाहीत.

शब्दांची मदत सोपी वाटते, पण काढून घ्यायला सर्वांत अवघड तीच. हाताने दिलेली मदत हळूहळू सैल करता येते. शब्द एक तर असतो किंवा नसतो. म्हणून समोर उभं राहून सांगण्यापेक्षा मुलाच्या मागे उभे राहा आणि गप्प राहून हाताने वळण द्या. सुरुवातीला हातावर हात, मग मनगटाशी, मग कोपराला नुसता स्पर्श, मग खांद्याशी, शेवटी स्पर्श न करता मागे नुसती उपस्थिती. मूल थांबलं तर लगेच हात पुढे करू नका. मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. काही मुलांना ऐकलेलं किंवा पाहिलेलं समजून हालचालीत उतरवायला तेवढा वेळ खरोखर लागतो, आणि आपण तिसऱ्या सेकंदाला मदत केली की त्यांची संधी हुकते.

बेसिनशेजारी मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर क्रमाने चित्रं किंवा फोटो लावा. मूल अडखळलं की बोलण्याऐवजी मागून चित्राकडे बोट दाखवा. फोटो काढताना त्याच्याच हातांचे आणि त्याला दिसतात त्या बाजूने काढा. समोरून काढलेल्या फोटोत डावं-उजवं उलटं होतं आणि काही मुलं त्यातच गोंधळतात.

दिसत नसलेल्या किंवा खूप कमी दिसणाऱ्या मुलाचा हात वरून पकडून हलवणं टाळा. आपला हात खाली ठेवा आणि त्याला आपल्या हातावर हात ठेवू द्या. हालचाल कळते आणि नको वाटलं तर हात काढून घ्यायची मोकळीक राहते. ऐकू न येणाऱ्या मुलाला खूण आधी करा, मग काम सुरू होऊ द्या. हातात ब्रश आणि नजर आरशात असताना खुणा पोचत नाहीत.

आणि घरातल्या सगळ्यांचं एकमत हवं. आई कोपराला नुसता स्पर्श करते, बाबा सूचना देतात आणि आजी अख्खे कपडे घालून देते, असं चाललं तर मूल साहजिकच आजीची वाट पाहतं. सध्या कुठली पायरी चालू आहे आणि त्यात मदत किती, हे एका ओळीत लिहून सगळ्यांना दिसेल असं लावून ठेवा.

घाईच्या वेळी शिकवणं

शाळेची गाडी दारात येण्याआधीची दहा मिनिटं ही बटणं शिकवायची वेळ नव्हे. सकाळी एकच ठरलेली पायरी मुलाची ठेवा, बाकी तुम्ही करा, आणि त्याबद्दल मनाला लावून घेऊ नका. पूर्ण सराव संध्याकाळी किंवा सुटीच्या दिवशी करा. मात्र सराव खऱ्या कामाच्या वेळीच हवा. भर दुपारी, कारण नसताना तीनदा शर्ट काढा-घाला केलं, तर मुलाला त्यात काहीच अर्थ दिसत नाही.

शाबासकी लगेच आणि नेमकी द्या. ‘शहाणं बाळ’ यापेक्षा ‘नळ तू स्वतः बंद केलास!’ यातून त्याला कळतं की नक्की काय जमलं.

त्रासाला हट्ट समजणं

ब्रश दिसला की पळणारं, केस धुताना किंचाळणारं मूल नाटक करत नसतं. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांमध्ये आणि इतरही अनेक मुलांमध्ये स्पर्श, चव, आवाज यांची जाणीव फार तीव्र असू शकते. पेस्टचा फेस, पुदिन्याची झणझणीत चव, शर्टच्या कॉलरमागचं लेबल, मोज्याची शिवण, तोंडावर अचानक आलेलं पाणी यांतलं काहीही असह्य होऊ शकतं. जबरदस्तीने धरून दात घासले तर त्या दिवशीचे दात स्वच्छ होतात, पण दुसऱ्या दिवशी ब्रश बघूनच तोंड मिटतं.

एका वेळी एकच बदल करून पाहा, नाहीतर उपयोग कशाचा झाला ते कळणार नाही. कमी फेसाची, बिनचवीची पेस्ट. लेबल कापून टाकलेले कपडे. मोजे उलटे करून घालणं. नखं आंघोळीनंतर मऊ असताना कापणं. केस धुताना डोळ्यांवर कोरडा रुमाल. हलक्या, ओझरत्या स्पर्शापेक्षा स्थिर, भरीव स्पर्श अनेक मुलांना बरा वाटतो. ‘दहा म्हणेपर्यंत पाणी, मग बंद’ असं सांगितलंत तर दहाला थांबा, डोक्यात साबण राहिला असला तरी. पुन्हा दहा मोजून पुढचं करा. तुमचा शब्द पाळला जातो हे कळल्यावर पुष्कळ मुलं शांत होतात.

याच्या उलटही असतं. काही मुलांना नाक वाहिलेलं, चड्डी ओली झालेली जाणवतच नाही. त्यांना ओरडून उपयोग नाही. आरशात बघायची, हाताने चाचपून बघायची सवय लावावी लागते.

शरीराला आधार न देणं

पाय लोंबकळत असतील तर हात नीट चालत नाहीत. डाउन सिंड्रोम (गुणसूत्रांतला जन्मजात बदल) असलेल्या किंवा स्नायू ढिले असलेल्या मुलांची सगळी ताकद तोल सांभाळण्यात जाते. पाय जमिनीवर किंवा पाटावर टेकतील अशी बैठक द्या; कपडे घालताना भिंतीच्या कोपऱ्याला पाठ टेकवून बसवा. सेरेब्रल पाल्सीमध्ये (मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे हालचालींवर होणारा परिणाम) एक बाजू कडक असेल तर बाही त्या हातात आधी घाला आणि काढताना त्या हातातून शेवटी काढा. एवढ्या एका बदलाने ओढाताण पुष्कळ कमी होते.

इलॅस्टिकची पँट, वेलक्रोचे बूट, झिपला अडकवलेली मोठी कडी, ब्रशची जाड मूठ, एक माप मोठा शर्ट या सोयी बिनधास्त वापरा. त्यामुळे मूल ‘परावलंबी राहील’ ही भीती मनातून काढून टाका. त्याचं काम ते स्वतः करतंय ना? बटणांचा सराव टेबलावरच्या पाटीवर करून घेत असाल तर एक लक्षात ठेवा: समोर मांडलेली बटणं आणि अंगावरची बटणं उलट दिशेने दिसतात. सराव मांडीवर, अंगात घातल्याच्या दिशेनेच घ्या.

जेवताना मान मागे झुकवून किंवा आडवं झोपवून भरवू नका, घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. खाताना वारंवार खोकला येत असेल किंवा आवाज ओलसर, घरघरता होत असेल, तर स्वतः खायला शिकवण्याआधी गिळण्याची तपासणी करून घ्या.

शी-शूची घाई

मूल दीड-दोन तास कोरडं राहू लागलं, की सुरुवात करायला हरकत नाही. त्याआधी काही दिवस नुसती नोंद ठेवा: पाणी कधी प्यायलं, शू कधी झाली, शी कधी. जेवणानंतर आतड्यांची हालचाल आपोआप वाढते, म्हणून शीसाठी जेवणानंतर साधारण अर्ध्या तासाच्या आत बसवणं फायद्याचं. पाय टेकलेले हवेत. बसवायचं पाच मिनिटं, फार तर दहा. अर्धा-अर्धा तास बसवून ठेवलं की ती जागा शिक्षा वाटू लागते.

बद्धकोष्ठ असेल तर आधी त्यावर उपचार करा. साठलेल्या घट्ट शीचा दाब मूत्राशयावर येऊन शू सांडते, आणि कडेने पातळ शी झिरपून चड्डी खराब होते. त्याला जुलाब किंवा खोडसाळपणा समजलं जातं आणि मूल विनाकारण बोलणी खातं.

‘चार दिवसांत टॉयलेट ट्रेनिंग’ अशा दाव्यांच्या मागे बहुधा अ‍ॅझरिन आणि फॉक्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1971 मध्ये मांडलेली पद्धत असते. ती संस्थेत राहणाऱ्या, तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांसाठी होती. दिवसभर सोबत माणसं होती, भरपूर द्रवपदार्थ दिले जात आणि सांडल्यावर शिक्षेसारखे उपायही होते. त्यातलं यशानंतर लगेच बक्षीस देणं घ्यावं. शिक्षा घेऊ नये, आणि डॉक्टरांना न विचारता मुलाला पाणी पाजत सुटू नये. स्पायना बिफिडामध्ये (पाठीचा कणा जन्मतःच नीट न मिटणं) मूत्राशयाच्या नसाच नीट काम करत नसतील, तर नेहमीचं प्रशिक्षण लागू पडत नाही. तिथे डॉक्टरांनी आखून दिलेलं वेळापत्रकच पाळावं लागतं.

घरी जमलेलं बाहेर जमेल, हेही गृहीत धरू नका. दांड्याचा नळ, वेगळा साबण, फ्लशचा मोठा आवाज, प्रत्येक नवी गोष्ट मुलाला नव्याने शिकावी लागू शकते. घरी पक्कं झालं की मुद्दाम वेगवेगळ्या ठिकाणी सराव करा.

वयाने मोठं झालेल्या मुलाला बाळ समजणं

बारा वर्षांच्या मुलाचे कपडे दार उघडं ठेवून बदलले, तर कुणापुढेही कपडे काढायचे असतात हेच ते शिकतं. याचा थेट संबंध त्याच्या सुरक्षिततेशी आहे. दार लावा. हात लावण्याआधी सांगा, विचारा, बोलता येत नसलेल्या मुलालाही. खाजगी अवयवांची नावं शिकवा आणि ते भाग धुवायचे आले की स्पंज त्याच्या हातात द्या. जमेल तेवढं त्याने करावं. मुलींना पाळीची ओळख पाळी सुरू होण्याआधी करून द्या, चड्डीत पॅड लावून थोडा वेळ वावरायची सवय आधीच करा. पहिल्या दिवशी रक्त, पॅड आणि घाबरलेली आई हे सगळं एकदम समोर येऊ नये.

फिट येणाऱ्या मुलासाठी दार ओढून घ्या, कडी लावू नका. बसून आंघोळ आणि हाकेच्या अंतरावर कुणीतरी. गरम-थंड नीट जाणवत नसलेल्या मुलाला आधी थंड पाणी, मग त्यात गरम, आणि कोपराने तपासायची सवय. कोपरालाही जाणीव नसेल तर पाणी मोठ्यांनीच तपासावं.

येत असलेलं अचानक बंद पडलं तर

ओरडण्याआधी दुखणं शोधा. दात, कान, बद्धकोष्ठ, लघवीचा संसर्ग, नवीन औषध, औषधाचा बदललेला डोस, वाढलेल्या फिट, बिघडलेली झोप. ज्याला सांगता येत नाही ते मूल काम सोडून देऊनच सांगतं. डाउन सिंड्रोममध्ये थायरॉइड आणि ऐकण्याची तपासणी झाली आहे का, हेही बघा. डॉक्टरांकडे जाताना ‘हल्ली ऐकत नाही’ एवढंच सांगू नका. कुठली पायरी कधीपासून थांबली आणि त्या आठवड्यात घरात किंवा औषधांत काय बदललं, हे लिहून न्या. कारण सापडून उपचार सुरू झाले की जिथे थांबलं होतं त्याच्या दोन पायऱ्या आधीपासून, जास्तीची मदत देत पुन्हा सुरू करा.