मॉडिफाय केलेली गाडी दम सोडते? फ्युएल पंप बदलण्याआधी पेट्रोलचं प्रेशर मोजा

माझ्या चुलतभावाकडं जुनी बलेनो आहे, १६०० सीसीवाली सेडान, तिच्यात कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदललेला, इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे) मोठे, वरून पिगीबॅक ईसीयू, म्हणजे कंपनीच्या ईसीयूवर (इंजिनाच्या कॉम्प्युटरवर) जोडलेला जादा कॉम्प्युटर. सकाळी थंडीत गाडी एक नंबर पळायची, पण वर्धा रोडनं बुटीबोरीकडं निघालो की वीस-पंचवीस मिनिटांनी तिसऱ्या गिअरमध्ये फुल पाय दिला तर साडेचार हजार आरपीएमच्या वर एकदम दम सुटायचा, झटके द्यायची, पाय काढला की पुन्हा नॉर्मल. एकानं पंप बदलून दिला, दुसऱ्यानं पुन्हा पंप बदलला, इंजेक्टर साफ करून झाले, पैसे गेले अन् गाडी तशीच. प्रेशर गेज मात्र तोवर कोणीच लावला नव्हता. म्हणून हे सगळं लिहून राहिलो, कारण नागपुरात अशा गाड्या खूप आहेत अन् बहुतेकांचा पैसा अंदाजावरच जातो.

आधी सेफ्टी, हे वाचल्याशिवाय पुढं जाऊ नका. मे महिन्यात ४५ डिग्रीला पेट्रोलची वाफ लय पटकन होते, त्यामुळं काम सकाळी लवकर, मोकळ्या सावलीत, शटर बंद करून गाळ्यात तर कधीच नाही. पावडरवाला अग्निशामक हाताशी ठेवा. लाईन खोलण्याआधी पंपाचा फ्यूज किंवा रिले काढा अन् इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या म्हणजे लाईनमधलं प्रेशर उतरतं, मग बॅटरीची निगेटिव्ह काढा, जोडावर कापड धरून हळूहळू सैल करा. हे सगळं पोर्ट इंजेक्शनच्या, म्हणजे इंजेक्टर इनटेकमध्ये फवारतो अशा पेट्रोल गाडीचं आहे. कॉमन रेल डिझेलमध्ये हजार बारच्या वर प्रेशर असतं, ते कातडी फोडून आत घुसतं, डायरेक्ट इंजेक्शन पेट्रोलमध्येही शंभरच्या वर, त्याला घरी हात लावायचा नाही.

आता कागद घ्या अन् लिहा की मॉडिफिकेशन काय-काय झालं अन् त्रास कधीपासून. हे कंटाळवाणं वाटते पण निम्मं उत्तर इथंच निघतं. त्रास थंडीत की गरम झाल्यावर, आयडलला (गाडी उभी, पाय काढलेला) की लोडवर (पाय दाबून जोर घेताना), टाकी अर्धी असताना की वळणावर. वळणावरच होत असेल अन् टाकी कमी असेल तर पंप हवा ओढतो, बाकी काही शोधायची गरज नाही.

मग गेज. रेलजवळ (इंजेक्टरांना पेट्रोल वाटणारा पाईप) टी आकाराचा जोड लावून गेज जोडा. जुन्या रिटर्नवाल्या सिस्टिममध्ये (जादा पेट्रोल इंजिनाजवळून टाकीत परत जातं) साधारण २.५ ते ३ बार, रिटर्नलेसमध्ये ३ ते ४ बार असतं, पण तुमच्या गाडीच्या मॅन्युअलचा आकडाच खरा धरा. रेग्युलेटरची (प्रेशर ठरावीक ठेवणारा भाग) व्हॅक्यूम नळी आयडलला काढली तर प्रेशर अर्धा बारच्या आसपास वाढायला पाहिजे, नाही वाढलं तर रेग्युलेटर किंवा ती नळी पाहा. त्या नळीतून पेट्रोल आलं तर डायफ्रॅम फाटला समजा. इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, प्रेशर झटकन शून्यावर आलं तर पंपाचा चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल मागं येऊ न देणारा), रेग्युलेटर किंवा एखादा इंजेक्टर गळतो. गरम गाडी पार्क करून पुन्हा स्टार्ट करताना लांब क्रँक घेते अन् चावी दोन-तीनदा ऑन-ऑफ केली की पटकन लागते, तर हेच किंवा रेलमध्ये वाफ होऊन राहिली. हेडर (एक्झॉस्टचे बदललेले पाईप) बसवलेल्या गाड्यांत रेल अन् पाईप एक्झॉस्टजवळ येतात, तिथं हीट रॅप नाहीतर शील्ड लावा.

पण आयडलला प्रेशर बरोबर आहे म्हणून खूश होऊ नका, इथंच सगळे फसतात. मॉडिफाय इंजिन पेट्रोल मागतं ते फुल लोडवर, म्हणून मोजायचंही लोडवरच. गेजची नळी बोनेटच्या मागच्या कडेनं बाहेर काढून गेज काचेवर बाहेरूनच टेपनं पक्का चिकटवा, पेट्रोलची नळी केबिनमध्ये आणायची नाही म्हणजे नाही. एकानं चालवायचं, दुसऱ्यानं वाचायचं, मोकळ्या रस्त्यावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये. आमच्या बलेनोत प्रेशर ३ वरून १.८ बारवर पडलं.

प्रेशर पडलं तरी लगेच पंप बदलायचा नाही. मल्टिमीटर घ्या, इंजिन चालू ठेवून पंपाच्या कनेक्टरवर व्होल्टेज मोजा अन् बॅटरीवर मोजा, फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त नसावा. आमच्याकडं बॅटरीवर १३.९ अन् पंपावर १०.९ निघालं! जुनी बारीक वायर, गंजलेला अर्थ, अन् वर जास्त करंट खाणारा मोठा पंप. बॅटरीवरून फ्यूज लावून जाड वायर, नवीन रिले, अर्थ साफ, खर्च पंपाच्या पाव किमतीतही नाही अन् गाडी तेव्हापासून ठीक. व्होल्टेज बरोबर असेल तर फिल्टर, मग टाकीतली नळी. टाकीच्या आत साधी रबर नळी टाकलेली खूप ठिकाणी पाहिली, ती पेट्रोलमध्ये बुडून फुगते, फाटते अन् पंप प्रेशर टाकीतच सोडतो. आतली नळी एसएई जे३०आर१० मार्कची लागते. हे सगळं बरोबर असेल तर मग पंपाला दोष द्या.

प्रेशर लोडवरही टिकतं तर इंजेक्टर. एकाच सिलिंडरचा प्लग पांढरा अन् बाकी तपकिरी असेल तर त्याचा इंजेक्टर दुसऱ्याशी अदलाबदल करून पाहा, त्रास सोबत गेला का. कॉइलचा रेझिस्टन्स बहुतेक १२ ते १६ ओहम असतो, २ ते ४ वाले वेगळे, ते स्टॉक ईसीयूला थेट लावले तर ईसीयूमधला इंजेक्टर चालवणारा ड्रायव्हर सर्किट जळतो. साईज पुरते का तेही पाहा: ६००० आरपीएमला एका चक्राला (क्रँकच्या दोन फेऱ्या) २० मिलिसेकंद मिळतात, पल्स (इंजेक्टर उघडा राहण्याचा वेळ) १७ च्या वर जात असेल तर इंजेक्टर संपला, मॅपिंग (ईसीयूतले पेट्रोलचे आकडे बदलणं) कितीही करा.

स्कॅनर असेल तर फ्युएल ट्रिम वाचा, म्हणजे ईसीयू स्वतःहून पेट्रोल किती टक्के वाढवतो (प्लस) की कमी करतो. आयडलला ट्रिम मोठा प्लस अन् ३००० ला नॉर्मल, तर पेट्रोलचा नाही हवेचा लीक आहे, इनटेक गॅस्केट अन् नळ्या बघा. लोडसोबत प्लस वाढत गेला तर पेट्रोल कमी पडतं. आणि हेडरचा जोड ओटू (ऑक्सिजन) सेन्सरच्या आधी गळत असेल तर सेन्सर मिश्रण खोटंच पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) दाखवतो, हे तपासल्याशिवाय ट्रिमवर विश्वास ठेवू नका.

एक गोष्ट वेगळी सांगतो, ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल (ई१० मध्ये १० टक्के). शुद्ध पेट्रोलचं बरोबर मिश्रण वजनानं एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा, ई१० चं १४.१ च्या आसपास, ई२० चं साधारण १३.५. फुल थ्रॉटलला बहुतेक ईसीयू सेन्सरकडं न पाहता मॅपप्रमाणं चालतात, म्हणजे ई१० वर केलेला मॅप आता चारेक टक्के पातळ चालतो, अन् टर्बो गाडीला उन्हाळ्यात तेवढ्यानंही नॉकिंग (सिलिंडरमध्ये अवेळी भडका, ठकठक) लागतं. पेट्रोल पंपावरचं पेट्रोल घरीच तपासता येतं: मोजपात्रात ९० मिली पेट्रोल, १० मिली पाणी, हलवा, थांबा. खालचा थर (पाणी अन् त्यात उतरलेलं इथेनॉल) २८ मिलीच्या आसपास झाला तर ई२०. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी असेल तर टाकीच्या तळाचा नमुना काचेच्या बाटलीत काढून पाहा, दोन थर दिसले म्हणजे पाणी शिरलं, आधी टाकी रिकामी करा.

दुरुस्ती झाल्यावर गेज तसाच ठेवून त्याच रस्त्यावर, तेवढ्याच गरमीत पुन्हा फेरी मारा अन् आकडे त्याच कागदावर लिहा. सकाळच्या थंडीत ठीक चालली म्हणून गेज काढू नका, आमचा त्रास दुपारीच यायचा.